श्रावणबाळाचे नाव आणि राजाचा बाण

मुंबई-पुण्यातील एखाद्या बंद सदनिकेत एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा मृत्यू चार-सहा दिवसांनी उघडकीस आला, की वृत्तपत्रांतून शोकाचा एक ठराविक सूर उमटतो. शेजारधर्म लोपला, माणुसकी आटली, मुले परदेशी गेली, दारे बंद झाली! दोन दिवस हळहळ चालते आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. शेजारधर्म ज्या वस्तीत, ज्या घरांत आणि कामाच्या ज्या वेळांत जगत होता, ती वस्ती, ती घरे आणि त्या वेळा कोणी मोडल्या, हा प्रश्न या शोकसभेत कोणी विचारीत नाही.

गिरणगावचेच उदाहरण घ्यावे. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. पहाटे नळावर म्हातारी दिसली नाही, तर दुसरी बाई दार ठोठावी. यात कोणाचा विशेष सद्गुण नव्हता. रचनाच अशी होती की कोणी नकळत आजारी पडू शकत नसे. चाळीचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच गॅलरीत जातीच्या भिंती होत्या, सुनेच्या पावलापावलावर पाळत होती, आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचा आवाज अनेक दारे ऐकून न ऐकल्यासारखे करीत. तरीही म्हातारा माणूस तेथे एकटा मरत नसे, हे खोटे नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, पुढे गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी मोकळ्या झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीत मोकळ्या जागेचा व सार्वजनिक घरांचा वाटा ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ उघड्या, बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला, म्हणजे नावापुरता उरला. मनोरे उठले. कामगारांची मुले विरार, कल्याण, पनवेलपर्यंत फेकली गेली. रोज चार तास लोकलमध्ये उभी राहून रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या बाईने शेजारच्या आजीची विचारपूस केव्हा करावी? तिला माणुसकीचे पाठ देणाऱ्यांनी एकदा तिच्या डब्यात चढून पाहावे.

शेजार मोडल्यावर शासनाने काय दिले? निराधार वृद्धांसाठी महाराष्ट्रात ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ आहे. नाव ठेवणाऱ्याने पुराणकथा पुरती वाचलेली दिसत नाही. आंधळ्या आईबापांना कावडीत वाहून नेणारा श्रावण पाण्यासाठी नदीवर गेला आणि राजाच्याच बाणाने मेला. म्हातारी तहानेने तळमळत राहिली. राज्यकर्त्यांनी नाव श्रावणाचे घेतले आहे आणि धनुष्य स्वतःच्या हाती ठेवले आहे. लाभार्थ्याच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये ठेवण्यात आली. अनुदान २०२३ साली हजारावरून दीड हजारांवर गेले. दिवसाचे पन्नास रुपये. यातला केंद्राचा वाटा तर लाजिरवाणा आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्र सरकार २००७ पासून महिना २०० रुपये मोजत आले. एवढ्या काळात डाळ, औषध, रॉकेल, गॅस यांचे भाव कोठच्या कोठे गेले. त्या दोनशेला मात्र महागाई भत्ता ठाऊक नाही.

हे दीड हजारही सुखासुखी हाती पडत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेले बँक खाते, आणि दरवर्षी आपण जिवंत असल्याचा हयातीचा दाखला! चाळीस वर्षे विटा-वाळू वाहून ज्या बोटांचे ठसे झिजले, ती बोटे यंत्र ओळखत नाही. तालुक्याच्या समितीवर सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील माणसे बसतात आणि मंजुरीचे पत्र उपकार म्हणून वाटतात.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदाही मुळातून वाचण्याजोगा आहे. म्हाताऱ्यास टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजारांपर्यंत दंड. जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम काढण्याविषयी मात्र राज्य सरकार असे आश्रम ‘स्थापन करू शकेल’ एवढेच म्हटले आहे. मुलावर सक्ती आणि सरकारला ऐच्छिक! आईबापांना टाकणाऱ्या मुलाची येथे भलावण करावयाची नाही. परंतु ज्या मुलाची रोजंदारी आठवड्यातून चार दिवस लागते, त्याच्याकडून हा कायदा काय वसूल करणार?

आणि सुखवस्तू वृद्धांना तरी सांभाळते कोण? दिवसाला चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरी आजोबांना न्हाऊमाखू घालणारी बाई. २०२० च्या टाळेबंदीत अनेक गृहसंस्थांनी याच बायांना फाटकाबाहेर रोखले, तेव्हा कित्येक घरांना प्रथमच उमगले की आपला शेजार पगारी होता. तिच्या म्हातारपणासाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. नियमित निवृत्तिवेतन मात्र नाही.

आता थोडे आपल्याच गोटाकडे वळावयास हवे. पक्षाच्या काही साथींना हा विषयच क्षुद्र वाटतो. म्हाताऱ्यांची औषधे आणणे हे रोटरीवाल्यांचे काम. त्याने व्यवस्था बदलत नाही. उलट भुकेला मलमपट्टी करून लढ्याची धार बोथट होते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो ऐकावयास कडक आहे, पण पोकळ आहे. ज्या वस्तीत कोणती विधवा एकटी राहते, कोणाचे अनुदान अडले आहे, कोणाला दिसत नाही, हे कार्यकर्त्याला ठाऊक नाही, त्या वस्तीत तो मोर्चाची पत्रके कोणाच्या भरवशावर वाटतो? लोहियांनी मतपेटी आणि तुरुंग यांच्या जोडीला फावडे सांगितले होते. फावडे गळाले आणि तुरुंगही दूरच राहिला. उरली मतपेटी, आणि तीही रिकामी निघू लागली. दरम्यान मंदिरांचे ट्रस्ट आणि धर्माच्या नावावर मते मागणाऱ्या संघटना त्याच म्हातारीच्या दारी शिधा घेऊन पोहोचल्या. तिने त्यांचे ऐकले, तर दोष तिचा नव्हे.

दान आणि संघटित शेजार यांत फरक कोणता, हे केरळमध्ये पाहता येते. १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाचे एक केंद्र सुरू झाले. पुढे मलप्पुरम परिसरात त्याचे लोण गल्लोगल्ली गेले: शेजाऱ्यांनीच शिकून घ्यावयाचे, अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जावयाचे, जखम धुवावयाची, घरात शिजते काय तेही पाहावयाचे. एवढ्यावर ते थांबले असते तर भूतदयाच ठरली असती. २००८ साली तेथील सरकारला त्यासाठी धोरण करावे लागले. पंचायतीने परिचारिका दिली, आरोग्यखात्याने औषध दिले. निवृत्तिवेतनही तेथे सहकारी संस्थांचे कर्मचारी अनेकांच्या घरपोच नेतात. शेजाऱ्यांनी सरकारची जागा घेतली नाही. त्यांनी सरकारला दारापर्यंत ओढून आणले.

महाराष्ट्रात हे करावयास कोणत्या अधिवेशनाच्या ठरावाची वाट पाहावयाची आहे? प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील एकट्या वृद्धांची, अपंगांची, परित्यक्तांची यादी करावी आणि प्रत्येक नावाची जबाबदारी एकेका साथीवर टाकावी. यादीतील ज्यांना अनुदान नाही त्यांचे अर्ज एकत्र करून तहसीलदाराच्या टेबलावर एकाच दिवशी ठेवावेत, पोच घ्यावी आणि ठरल्या मुदतीत उत्तर आले नाही तर कचेरीच्या दारात बसावे. हयातीची नोंद तलाठ्याने घरी येऊन करावी, उत्पन्नाची मर्यादा उठवावी, केंद्राने आपले दोनशे रुपये महागाईच्या निर्देशांकाशी जोडावेत, या मागण्या त्याच यादीतून उभ्या राहतील. ज्यांना चालता येते ते म्हातारे स्वतः मोर्चात येतील. ज्यांना येत नाही त्यांच्या घरी मोर्चाच्या दिवशी कोणीतरी थांबावयास हवे, आणि ते नावही यादीतच लिहून ठेवावे.