मुक्तीनंतरच्या हिशेबात स्त्री कुठे?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. निजामी राजवटीत ते औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. १७ सप्टेंबर हा या परिसराचा मुक्तिदिन. त्या दिवशी हुतात्म्यांचे स्मरण होते, संग्रामाच्या आठवणी निघतात. मात्र लढा संपल्यावर विस्कटलेला समाज पुन्हा कोणी उभा केला आणि त्यात स्त्रियांना किती वाटा मिळाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव क्रमांक १३२५ एकमताने संमत केला. शांतता वाटाघाटींत व युद्धोत्तर पुनर्रचनेत स्त्रियांना निर्णयाचे स्थान द्यावे, असे तो सांगतो. २०२५ मध्ये त्याला २५ वर्षे पूर्ण झाली. हा विषय आफ्रिका किंवा अफगाणिस्तानचा वाटत असला, तरी मराठवाड्याने तो अर्धशतक आधीच अनुभवला होता.

रझाकारांच्या अत्याचारांमुळे असंख्य कुटुंबांनी संस्थानाची हद्द ओलांडली. सरहद्दीवरील शिबिरांतून लढा चालला. भूमिगतांना आश्रय देणे, भाकरी पोचवणे, निरोप नेणे ही कामे स्त्रियांनी केली. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी तर प्रत्यक्ष शस्त्र हाती घेतले. त्यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणून गौरवण्यात आले. तथापि गौरव आणि अधिकार या भिन्न गोष्टी आहेत.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलिस कारवाई संपली. त्यानंतर अनेक जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाची लाट आली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने वर्षअखेरीस राज्याचा दौरा केला. कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली; औरंगाबाद आणि बीडही सुटले नाहीत. तो अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही. रझाकारांनी उद्ध्वस्त केलेली हिंदू कुटुंबे असोत वा नंतरच्या हिंसेत विधवा झालेल्या मुस्लिम स्त्रिया, दोघींची नोंद झाली ती प्रामुख्याने पीडित म्हणून. पुनर्वसन कसे व्हावे, हे त्यांना विचारण्याची पद्धतच नव्हती.

पुढची घडी बसली ती कागदावर. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. पण कुळाच्या रकान्यात बहुधा घरातील कर्त्या पुरुषाचेच नाव लागे. १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत कारावासाची किमान मुदत सहा महिने होती, स्त्रियांसाठी ती पुढे तीन करण्यात आली. सवलत होती, परंतु कारावासाचा वा भूमिगत कार्याचा पुरावा हाच मुख्य निकष असल्याने रात्री-अपरात्री भाकरी पोचवणाऱ्या बाईने दाखला कोणाचा आणायचा? तेलंगणातही वेगळे घडले नाही. लढ्यातून परतलेल्या अनेक स्त्रियांना पुन्हा चूल सांभाळण्यास सांगितले गेले, हे त्यांच्या १९८६ मध्ये तेलुगूत प्रसिद्ध झालेल्या कथनांतून दिसते.

याउलट लायबेरियात २००३ च्या वाटाघाटींच्या वेळी पांढऱ्या वेशातील स्त्रियांनी सभागृहाची दारे अडवून करारासाठी दबाव आणला आणि २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. रवांडात २००८ पासून संसदेत स्त्रियांचे बहुमत आहे. मात्र खरी सत्ता अध्यक्षांच्या हाती एकवटलेली आहे. म्हणजेच संख्या आवश्यक, पण पुरेशी नाही.

महाराष्ट्राने पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण दिले ते २०११ मध्ये, मुक्तीनंतर ६३ वर्षांनी. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मसिद्ध वाटा राज्यात १९९४ मध्ये मिळाला. तोवर जमिनीच्या, अनुदानाच्या व मानाच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या. आजही सरपंच बाई आणि कारभार पतीचा, हे चित्र अपरिचित नाही.

वास्तविक जांबच्या सुपुत्राच्या संप्रदायातच याचा दाखला आहे. समर्थांनी मिरजेचा मठ वेणास्वामींकडे सोपवला. १७०० मध्ये सज्जनगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा मूर्ती वासोट्यावर सुरक्षित हलवण्याचे आणि नंतर मठाची घडी पुन्हा बसवण्याचे काम अक्कास्वामींनी केले, असे संप्रदाय मानतो. अक्कास्वामींकडे ही जबाबदारी संकट ओसरल्यावर सत्कार म्हणून आलेली नव्हती. अधिकार आधीच त्यांच्या हाती होता. ठराव १३२५ चा आशय याहून फारसा निराळा नाही. पंचनामे, वारसनोंदी आणि भरपाईच्या याद्या पहिल्या काही महिन्यांतच ठरतात. स्त्रिया त्याच वेळी तेथे नसतील, तर पुढची दोन-तीन पिढ्या त्यांना आपल्याच हक्काचे पुरावे शोधत फिरावे लागते. मराठवाड्याचा अनुभव हेच सांगतो.