पोट आत, छाती बाहेर?
आमच्या बागेत या आठवड्यात मुलांचं व्यायाम शिबिर सुरू झालंय आणि रोज सकाळी सरांचा खणखणीत हुकूम कानावर येतो, "पोट आत, छाती बाहेर, घ्या मोठा श्वास!" पोरं इमानेइतबारे पोट खपाटीला नेतात, खांदे कानांपर्यंत चढवतात, मानेच्या शिरा टरारतात आणि एवढ्या खटाटोपाने हवा आत जाते ती बेताचीच. मंडळी, हा हुकूम बंद झालाच पाहिजे. फुप्फुसं स्वतःहून फुगत नाहीत. त्यांना तसा स्नायूच नाही. खरं राबतं ते छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखं ताणलेलं श्वासपटल. ते आकुंचन पावून खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आपसूक शिरते. शांत बसलेल्या मोठ्या माणसात दर खेपेला साधारण अर्धा लिटर. सोडताना तर कष्टच नाहीत, ताणलेली फुप्फुसं आपोआप आक्रसतात. पण पटल खाली यायचं तर यकृत-आतड्यांनी जागा द्यायला हवी, म्हणजे पोट पुढे यायलाच हवं. तान्ह्या बाळाकडे पाहा: त्याच्या बरगड्या आडव्या, पिंजरा फारसा उचलता येत नाही, म्हणून श्वासागणिक पोटच वरखाली होतं. पोट सुटेल ही भीती सोडा, ते श्वासाने सुटत नाही. सर, उद्या पोरांना उताणं झोपवा, पोटावर एकेक वही ठेवा आणि श्वासाने ती उचलायला सांगा.