लाहोर किती दूर?



दिल्ली ते मुंबई हे अंतर रेल्वेने १३८४ किलोमीटर. दिल्ली ते लाहोर रस्त्याने पाचशेच्या आसपास: पानिपत, अंबाला, लुधियाना, जालंधर, अमृतसर आणि अटारी ओलांडली की आलेच. गणपतीला गावी जाताना नोएडा-गुरुग्रामची आपली कुटुंबे याच्या दुपटीहून जास्त प्रवास करतात.

१९९९च्या मार्चपासून दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमच्या बसतळावरून सकाळी सहाला लाहोरची बस निघायची आणि सीमेवरची तपासणी धरून बारा-एक तासांत पोचायची. ऑगस्ट २०१९मध्ये ती बंद झाली, समझोता एक्स्प्रेसही थांबली. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचे फाटक मिटले. आता व्हिसा मिळालाच, तर दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी विमान बदलायचे. पहलगामला डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसे मारली गेली. फाटक मिटले याबद्दल माझी तक्रार नाही. पण फाटकापलीकडच्या लाहोरात आपलेही काही घडले आहे, ते आपल्या मुलांना माहीत नाही, याची मात्र खंत वाटते.

लाहोर म्हटले की आपल्याला १७५८ आणि राघोबादादा आठवतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते ५ मे १९०१. कुरुंदवाडात जन्मलेल्या, मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी त्या दिवशी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. फी भरून कुणालाही गाणे शिकता येईल अशी शाळा, आणि तीही मराठी मुलखापासून इतक्या लांब! विनायकबुवा पटवर्धन तिथेच शिकले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभारले. आज दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आपली जी मुले गाणे शिकतात, त्यांच्या गुरुपरंपरेची वाट लाहोरातून आली आहे.

दुसरे नाव खेडच्या शिवराम हरी राजगुरूंचे. २३ मार्च १९३१ रोजी संध्याकाळी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर त्यांना फाशी झाली. लोक जमतील या भीतीने सरकारने त्याच रात्री तिघांचे देह गुपचूप सतलजकाठी हुसैनीवाल्याला नेले आणि तिथे दहन केले. फाळणीत ती जागा पलीकडे गेली. १९६१मध्ये बारा गावांच्या बदल्यात भारताने ती परत मिळवली. १९६५मध्ये भगतसिंगांचे सहकारी बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीत प्राण सोडला, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे अंत्यसंस्कारही तिथेच झाले.

तिथवर जायला ना व्हिसा लागतो, ना कुणाची मेहरबानी. मुंबई-नाशिक-भुसावळ करत येणारी पंजाब मेल एके काळी पेशावरपर्यंत धावे. आता ती नवी दिल्लीहून पुढे साधारण चारशे किलोमीटरवरच्या फिरोझपूरला थांबते. तिथून हुसैनीवाला दहा-अकरा किलोमीटर. दरवर्षी २३ मार्चला तिथे मोठी गर्दी होते, पण आपल्या मंडळाचे पाऊल अजून तिकडे वळलेले नाही.

येत्या २३ मार्चला मंडळाने मुलांना घेऊन हुसैनीवाल्याला जावे, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी दिवाळीपूर्वी कार्यवाहांकडे नावे द्यावीत. तिकिटे लवकर काढावी लागतील.

— संपादक