दाखला एक, सरकारे दोन

माझ्या धाकट्या चुलतभावाला एका केंद्रीय संस्थेत प्रवेश मिळत होता. कागदपत्रांच्या पडताळणीत ओबीसीचा दाखला अडला. दाखला खरा होता, पण राज्याच्या नमुन्यातला. तिथे केंद्राच्या नमुन्यातला हवा होता. तहसील कार्यालयाच्या चकरा मारेपर्यंत मुदत संपली आणि जागा गेली. चाचांनी मला विचारले, "सरकारी दाखला तो सरकारीच ना?"

नाही. आपल्यावर सरकारे दोन आहेत आणि ओबीसींच्या याद्याही दोन. महाराष्ट्रात ओबीसींना १९ टक्के आरक्षण आहे, केंद्रात २७. एका यादीत नाव आहे म्हणून दुसरीत असेलच असे नाही.

राज्याची यादी ठरवायची कोणी, यावरही वाद झाला. २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीमुळे हा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालात बहुमताने सांगितले. त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून संसदेने तो राज्यांना परत दिला.

म्हणजे अधिकार मुंबईत आहे. त्याचे आपल्यासाठी काय झाले? २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांमधील मागास गटांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले मात्र राहू दिले. तरीही विधिमंडळात कायदा झाला नाही आणि अध्यादेश बारगळला. नंतर सरकारे बदलली. कायदा कोणीच केला नाही. याचा जाब दिल्लीला विचारून उपयोग नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बिघाड झाला की आमचा पहिला प्रश्न असतो: याचा ॲक्सेस कुणाकडे? चुकीच्या टीमकडे गेलेली तक्रार कितीही खरी असली तरी पडून राहते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत या प्रश्नाचे उत्तर आहे. पोलीस, जमीन, सार्वजनिक आरोग्य, महापालिका हे विषय राज्याचे. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीपासून दोघांचे. धार्मिक व धर्मादाय संस्थाही दोघांच्या. म्हणूनच वक्फचा कायदा संसद करते आणि वक्फ मंडळ राज्य सरकार नेमते.

चहाच्या टपरीवर आपण दिल्लीवर तासन्‌तास बोलतो. आपल्या आमदाराने विधानसभेत काय विचारले, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते. पुढच्या वेळी तो मते मागायला आला की त्या ५ टक्क्यांचे काय झाले, ते विचारा. आणि घरात कुणी बारावीला असेल, तर दोन्ही नमुन्यांतले दाखले आजच काढायला टाका.