भाड्याची पेटी

बडोद्यातील आमच्या पिढीच्या पुष्कळ जणांचे बालपण भाड्याच्या जागेत गेले. दांडिया बाजारातील वाड्यात दोन खोल्या, समाईक नळ, आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत मालकांच्या हाती पोचते करावयाचे भाडे, एवढ्या चौकटीत आमच्या वडिलांनी संसार केला. भाड्याच्या पावत्या ते भिंतीवरील खिळ्याच्या तारेत ओवून ठेवीत. ज्याचे भाडे देतो ती वस्तू कोणती, कुणाची आणि ती आपल्याला कोठवर लागणार, हे घरधन्याला ठाऊक असलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. या गोष्टीची आठवण आम्हांस बडोद्यापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात व्हावी, हा योगायोगच म्हणायचा.

वाचकांपैकी अनेकांची मुले-लेकी तिकडे आहेत आणि अनेक जण उन्हाळ्याचे चार-सहा महिने तिकडे काढून येतात. म्हणून हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडावा, या हेतूने या खेपेस घरसंसाराच्या नेहमीच्या विषयांना थोडी रजा देत आहोत.

मुलीच्या घरी राहावयास गेल्यावर पहिल्या पंधरवड्यातच आमच्या जुन्या खोडीने डोके वर काढले. आलेले प्रत्येक बिल वाचून काढणे, ही ती खोडी. इंटरनेटच्या बिलात मूळ दराखाली एक बारीक ओळ होती : उपकरणाचे भाडे, १५ डॉलर. आम्ही मुलीला विचारले, हे उपकरण कोणते? ती म्हणाली, "बाबा, तो कोपऱ्यातला डबा. ते बिलातच येतं." जावईबापूंनी दुजोरा दिला. त्या घरात येऊन त्यांस सहा वर्षे झाली होती. पूर्वी भाडे कमी असेल असे समजून सरासरी १२ डॉलर जरी धरले, तरी ७२ महिन्यांचे ८६४ डॉलर होतात. एवढे पैसे देऊनही डब्याचा एक खिळासुद्धा त्यांच्या मालकीचा झालेला नव्हता. हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा दोघेही हसले, पण जावईबापूंनी तो कागद घडी करून खिशात घातला, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

हा डबा म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत बहुतेक शहरांतून दूरचित्रवाणीसाठी घरोघर केबल पोचली होती. मध्ये तांब्याची एक तार, तिच्याभोवती आवरण व जाळी, अशी ती जाड केबल. पुढे त्याच केबलमधून इंटरनेट देण्याची युक्ती निघाली. केबलमधून येणारे संकेत संगणकाला कळतील अशा रूपात आणणारा आणि संगणकाचे म्हणणे उलट केबलवर चढवणारा दुभाषा म्हणजे मोडेम. घरात बिनतारी वायफाय पसरवणारे यंत्र ते निराळे. त्याला राउटर म्हणतात. कंपन्या बहुधा ही दोन्ही एकाच पेटीत घालून देतात, त्यामुळे घरच्यांना वाटते की पेटी एक, काम एक. वस्तुतः कामे दोन आहेत, आणि दोन्ही यंत्रे बाजारात स्वतंत्रपणे विकत मिळतात.

कंपनीच्या तारेला आपले यंत्र जोडता येते, हा हक्क तिकडच्या ग्राहकाला आपोआप मिळालेला नाही. एके काळी तेथे दूरध्वनीचे यंत्रही कंपनीचेच असे आणि त्याचे भाडे द्यावे लागे. दुसऱ्या कुणाची वस्तू जोडण्यास सक्त मनाई होती. बोलण्याचा आवाज शेजाऱ्याला जाऊ नये म्हणून यंत्राच्या तोंडाशी लावावयाच्या एका साध्या पेल्यासारख्या वस्तूवरही आक्षेप घेण्यात आला. तो वाद न्यायालयापर्यंत गेला आणि १९५६ साली निकाल त्या वस्तूच्या बाजूने लागला. पुढे टेक्सास राज्यातील टॉमस कार्टर यांनी बिनतारी संच दूरध्वनीशी जोडणारे साधन तयार केले. त्यांच्या प्रकरणात तेथील दळणवळण आयोगाने १९६८ साली निर्णय दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले साधन जोडता आले पाहिजे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने केबलच्या उपकरणांसाठीही खुल्या बाजाराचे धोरण स्वीकारले. १९९७ साली केबल मोडेमसाठी डॉक्सिस नावाचे समान मानक निघाले. त्यामुळे कोणत्याही कारखान्याचा मोडेम कोणत्याही केबल कंपनीच्या जाळ्यात चालू शकतो.

आपल्याकडेही घरातील काळे दूरध्वनी यंत्र सरकारी खात्याचे असे, आणि ते येण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. पण अमेरिकेतील एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटली. दूरध्वनी यंत्र विकत घेण्याची मोकळीक मिळून कित्येक वर्षे लोटली, तरी अनेक वृद्ध माणसे जुन्या यंत्राचे भाडे भरतच राहिली. त्यांस कुणी सक्ती केली नव्हती. बिल येत होते म्हणून ती भरत होती, इतकेच.

मुलीच्या घरात असे होऊ नये म्हणून आम्ही खरेदीच्या खटपटीस लागलो. प्रथम कंपनीच्या मान्य मोडेमची यादी पाहिली. यादीत नसलेला मोडेम कितीही उत्तम असला तरी कंपनी तो चालू करून देईलच असे नाही. नंतर डॉक्सिसची आवृत्ती पाहिली. ३.० ही आवृत्ती २००६ ची आणि ३.१ ही २०१३ ची. आज घ्यावयाचा तर ३.१ च्या खालचा घेऊ नये. आपण इंटरनेटच्या ज्या वेगाचे पैसे भरतो, तो वेग त्या मोडेमला पेलतो का, हेही पाहिले. करासह मोडेम आणि राउटर मिळून २६० डॉलर पडले. महिन्याच्या १५ डॉलरच्या हिशेबाने ते अठरा महिन्यांत वसूल व्हावयाचे होते.

जोडणी फारशी अवघड नाही. केबलचे टोक मोडेमला हाताने फिरवून घट्ट बसवावयाचे, आणि मोडेमच्या पाठीवर चिकटवलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कंपनीला कळवावयाचा. त्या क्रमांकावरूनच कंपनी आपला मोडेम ओळखते. जुनी पेटी मात्र आम्ही स्वतः नेऊन परत केली आणि पावती घेतली. पुढच्या बिलात भाड्याची ओळ पुन्हा आलीच! पावती दाखवताच ती रक्कम वजा झाली. जे उपकरण कंपनीने दिलेले नाही किंवा जे परत केले आहे, त्याचे भाडे आकारण्यास २०१९ साली संमत झालेल्या कायद्याने तेथे मनाई आहे. हा कायदा डिसेंबर २०२० पासून अंमलात आला. पण कायदा असला तरी बिल आपणच वाचावे लागते.

येथवर सर्व आमच्या शहाणपणाची कथा झाली. आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे.

सव्वा महिन्याने एके सकाळी इंटरनेट बंद पडले. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, बडोद्यात असतात. वय चौऱ्याऐंशी. रोज रात्री आठ वाजता, म्हणजे न्यू जर्सीच्या सकाळी साडेदहाला, त्या पडद्यासमोर बसत आणि आमच्याशी दहा मिनिटे बोलत. आमच्या भ्रमणध्वनीत भारतातील कार्ड होते, त्यामुळे घरातील इंटरनेट हीच आमची एकमेव वाट. संध्याकाळी मुलगी तिचा फोन घेऊन घरी येई तेव्हा बडोद्यात पहाटेचे साडेचार वाजत. त्या वेळी म्हाताऱ्या माणसाला उठवून घाबरवणार कसे? शेजारच्यांसाठी धाडलेला निरोपही त्यांनी तिसऱ्या दिवशी पाहिला.

मुलीने कंपनीला विचारले. उत्तर आले की, आमच्या बाजूस दोष दिसत नाही, मोडेम तुमचा आहे, बनवणाराला विचारा. बनवणाराकडून कळले की मोडेम ठीक आहे, केबलमधून येणारा संकेतच क्षीण आहे, कंपनीला विचारा. भाड्याची पेटी असती तर कंपनीला तिच्याकडे बोट दाखवून मोकळे होता आले नसते. आमच्या मंडळी एवढेच म्हणाल्या, "वाचवलेत ना पंधरा डॉलर?" त्यावर उत्तर नव्हते.

दुसऱ्या रात्री आम्ही आणि जावईबापू केबलचा माग काढीत भिंतीपाशी गेलो. तेथे एका केबलचे दोन फाटे करणारा छोटा सांधा होता. एक फाटा दूरचित्रवाणीसाठी होता. ती जोडणी मुलीने केव्हाच बंद केली होती, सांधा मात्र तसाच राहिला होता. असा सांधा संकेत वाटून टाकतो, आणि त्याचे टोक गंजले वा सैल झाले तर उरलासुरला संकेतही दुबळा होतो. सांधा काढून भिंतीतील केबल थेट मोडेमला लावली. पाच-सात मिनिटांत दिवे स्थिर झाले. दोष ना मोडेमचा होता, ना कंपनीच्या तारेचा.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला अक्का पडद्यावर आल्या. म्हणाल्या, "अरे, दोन दिवस पाट मांडून बसावं आणि पाहुणा येऊच नये, तसं झालं बघ. काही बरंवाईट तर नाही ना, म्हणून डोळ्याला डोळा लागला नाही." आम्ही काय बोलणार? अठरा महिन्यांच्या हिशेबात आम्ही सगळे मांडले होते, पण घरातील यंत्र बंद पडले तर त्या दिवशी कोण काय करील, हे मांडलेले नव्हते. त्याच संध्याकाळी ते ठरवले. मुलीचा एक जुना भ्रमणध्वनी तिकडचे स्वस्त कार्ड घालून आमच्याजवळ ठेवला. मोडेम बंद पडल्यास काय काय पाहावयाचे, ते मराठीत कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवले : वीज, केबलची टोके, मग सांधा काढून थेट जोडणी, आणि अखेरीस कंपनी. मोडेममधील संकेताची तीव्रता दाखवणारे पान संगणकावर उघडता येते. ते कसे पाहावे, हेही जावईबापूंनी त्यात लिहिले.

तेव्हा वाचकांस आमचे सांगणे असे. तिकडे मुलांच्या बिलात भाड्याची ओळ आढळली तर विचारण्यास संकोचू नका. परंतु सरसकट "विकत घ्या" असेही सांगू नका. बिऱ्हाड वर्षभरात हलणार असेल, किंवा मूळ दरातच पेटी मिळत असेल, तर खरेदीत अर्थ नाही. केबलवरूनच घरचा दूरध्वनी चालत असेल तर त्याची खाच असलेला निराळा मोडेम लागतो. घरात प्रकाशतंतूची जोडणी असेल तर केबल मोडेम निरुपयोगी होय. जुना मोडेम स्वस्तात मिळाला तरी जपून घ्यावा. तो कंपनीच्या भाड्याच्या मालापैकी निघाला तर चालू व्हावयाचा नाही. शिवाय मोडेम आपला झाला तरी त्याच्या आतील आज्ञावली वेळोवेळी बदलते ती केबल कंपनीच. राउटरची काळजी मात्र आपणांस घ्यावी लागते.

हौसेने तिकडचा मोडेम पिशवीत घालून बडोद्यास आणू नये. आपल्याकडे आता अनेक घरी प्रकाशतंतूची बारीक तार येते आणि तिच्या टोकाची पेटी कंपनीच बसवून जाते. तेथे विचारावयाचे प्रश्न निराळे : पेटीची अनामत किती, परत मिळते का, भाडे मूळ दरात धरले आहे की वेगळे, आणि जोडणी बंद करताना पेटी कुणाच्या हाती द्यावयाची? उत्तरे लेखी घ्यावीत व पावती जपावी.

परत आल्यावर आम्ही अक्कांच्या खोलीतील पेटीही पाहून घेतली. मागच्या बाजूस कंपनीची चिठ्ठी होती, अनामतीची पावती कुठेच नव्हती. ती शोधण्यात एक दुपार गेली. शेवटी अक्कांच्या पोथीत सापडली. आता ती आमच्या वडिलांच्या तारेत, जुन्या घरभाड्याच्या पावत्यांच्या वर ओवली आहे.