यंत्रासोबत कागदही मागा



यंदा उन्हाळी टोमॅटोच्या ठिबकला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला. मातीत ओलाव्याचा सेन्सर, डब्यात ईएसपी३२ चिप, आकडा मोबाईलवर. वाय-फाय जोडलं नव्हतं तोवर आकडे बरोबर येत होते. जोडलं आणि आकडा एका जागी अडकला. ॲप म्हणतंय जमीन ओली, व्हॉल्व्ह काही उघडेना. लक्षात आलं तेव्हा शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. पुढे फळांची बुडं काळी पडली. जमिनीत कॅल्शियम होतं, पण पाण्याच्या ताणात ते फळापर्यंत पोचलंच नाही.

वाशी मार्केटला माल घेऊन गेलो, तेव्हा डबाही सोबत नेला. कंपनी तिकडेच, महापेला. ज्याने डबा बनवला तो इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला. नव्या पोराकडे ना सर्किटचा नकाशा, ना कोणता पिन कशाला जोडला याची नोंद. अर्धा दिवस वायरी शोधण्यात गेला. शेवटी त्याने चिप बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक उघडून मला एक ओळ दाखवली. सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारे दोन भाग त्या चिपमध्ये आहेत, एडीसी-१ आणि एडीसी-२. वाय-फाय चालू असताना एडीसी-२ सेन्सर वाचायला वापरता येत नाही. आमची वायर नेमकी एडीसी-२ वर! ती एडीसी-१ च्या पिनवर घेतली, प्रोग्राममध्ये पिनचा नंबर बदलला, काम झालं.

माझं म्हणणं एवढंच, की चांगलं माहितीपत्रक म्हणजे वस्तूची जाहिरात नव्हे. वस्तू कुठे चालत नाही, हेही त्यात लिहिलेलं असतं. चिपवाल्यांनी ते लिहिलं होतं. डबेवाल्यांनी स्वतःचं काहीच लिहून ठेवलं नाही. औषधाच्या बाटलीवर विषारीपणाचा त्रिकोण असतो, आत प्रमाण सांगणारं पत्रक असतं, कारण कायद्याने ते द्यावंच लागतं. कंट्रोलरसोबत मला मिळालं फक्त रंगीत फोटोचं पान.

‘शेतकरी कुठे वाचतो?’ असं कंपनीवाले म्हणतात. अहो, मी नाही वाचलं तरी माझा वायरमन वाचेल, कृषी सहायक वाचेल. आणि तुमचा पुढचा इंजिनिअर तर नक्कीच वाचेल.

२०२० साली केंद्र सरकारने स्वदेशी मायक्रोप्रोसेसर चॅलेंज जाहीर केलं. त्यात आयआयटी मद्रासची शक्ती आणि सी-डॅकची वेगा या आपल्या देशी चिपा होत्या. अभिमान आहेच. पण महापेतलं पोरगं घाईच्या कामात तीच चिप उचलणार, जिच्या प्रत्येक पिनची माहिती आणि चालणारी उदाहरणं त्याला लगेच सापडतील. देशी बियाणं कितीही चांगलं असलं तरी लागवडीची माहिती नसेल तर किती जण पेरतील?

म्हणून कंट्रोलर घेताना चार गोष्टी मराठीत लिहून मागा. कोणती वायर कुठे जोडली, सेन्सर काळ्या जमिनीवर जुळवला की मुरमाड, काय केल्यावर तो चुकतो आणि प्रोग्राम शेवटचा कधी बदलला. कागद देत नसतील तर पैसे देऊ नका.