झडती, खुर्ची आणि डॉक्टर
कपडे उतरवून झडती घेणे हा कैद्याचा अपमान की कर्मचाऱ्याचे संरक्षण? उत्तर आयर्लंडच्या मॅघॅबेरी तुरुंगात रिपब्लिकन आणि लॉयलिस्ट कैदी वेगवेगळे ठेवतात. तिथे हा वाद जुना आहे. २०१२ मध्ये तिथल्या एका अधिकाऱ्याला कामावर जाताना गोळ्या घालून मारले गेले. म्हणजे भीती खोटी नाही.

पण शरीरात लपवलेला धातू ओळखणारी खुर्ची असते. तिला अमली पदार्थ मात्र कळत नाहीत. म्हणून माझे मत असे : आधी खुर्ची, ठोस संशय असेल तरच झडती. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरला झडतीत ओढू नका. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९९३ मध्येच हे सांगितले आहे.

डॉक्टरवरचा विश्वास उडाला, की कैदी आजार लपवतो. लपलेला क्षयरोग पहारेकऱ्यालाही गाठतो, हे लक्षात ठेवा.